वाचनालयातला मुलांचा कट्टा: बोलायची मोकळीक आणि मुलांची सुरक्षितता एकत्र कशी सांभाळायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या गावातलं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, पुढे ओसरी, भिंतीला लोखंडी कपाटं, मधोमध वर्तमानपत्रांचं लांब टेबल. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी मुलांचा कट्टा भरवायचं ठरतं. आठवी ते बारावीची वीस-पंचवीस मुलं येतील, कविता वाचतील, पुस्तकांवर बोलतील, महिन्याला एक भित्तिपत्रक काढतील.

कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला मुद्दा निघतो तो असा: "मुलं काय वाचणार ते आधी बघून घ्यायला हवं. उगाच काही वाद नको." मराठी-कन्नड वादाच्या या सीमाभागात ही भीती समजण्यासारखी आहे. इथे दुकानाच्या पाटीवरूनही गावं पेटलेली आहेत. पण त्याच बैठकीत दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ही मुलं कुणाबरोबर येणार, मधले दोन तास खोलीत त्यांच्यासोबत कोण असणार, आणि अंधार पडायच्या आत घरी कशी पोचणार?

या लेखाचा सगळा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. अशा कार्यक्रमात मुलाला इजा होते ती बंद खोलीत, परस्पर पाठवलेल्या मेसेजमधून किंवा न विचारता काढलेल्या फोटोतून. कवितेतून ती क्वचितच होते. म्हणून कडक नियम मोठ्यांच्या वागण्याला आणि जागेच्या व्यवस्थेला लावायचे आणि मुलांच्या शब्दांना शक्य तितकी मोठी जागा सोडायची. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. कविता तीन जण तपासतात आणि मागचं दार मात्र उघडंच राहतं.

कायद्याची बाजू

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. तिथे वयाची अट नाही. आठवीतली मुलगीही नागरिकच आहे. या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधनं घालता येतात, हे १९(२) मध्ये मोजून दिलं आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'कुणालातरी आवडणार नाही' हे कारण त्या यादीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल या कामात नेहमी उपयोगी पडतात. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांचा खटला होता. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मुलांनाही मूलभूत हक्क असतात, हे त्यातून पक्कं झालं. १९८९ च्या रंगराजन खटल्यात न्यायालयाने सांगितलं की कुणी दंगा करायची धमकी देतो एवढ्यावरून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. आणि २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी चालतात. तिसरीपाशी कायदा हात घालू शकतो. पुढे मुलाच्या कवितेचा प्रश्न येईल तेव्हा हा फरक लागेल.

एक भेद लक्षात ठेवावा. सार्वजनिक ग्रंथालय खात्याचं शहर किंवा जिल्हा ग्रंथालय, आणि ग्रामपंचायतीचं वाचनालय, ज्याला आता 'अरिवु केंद्र' म्हणतात, ही सरकारी ठिकाणं आहेत. त्यांना अनुच्छेद १९ थेट बांधतो. सीमाभागातली बरीच मराठी वाचनालयं मात्र नोंदणीकृत संस्था किंवा ट्रस्ट आहेत. तिथे संस्थेची घटना आणि ठराव चालतात. म्हणजे मोकळीक द्यायची की नाही हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे आणि तो ठरावाने लिहून ठेवलेला बरा. मुलांच्या संरक्षणाचे कायदे मात्र दोघांनाही सारखेच लागतात. तिथे सरकारी आणि खासगी असा फरक नाही.

खोली, दार आणि वही

आधी माणसं. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस धरावं, आणि मुलं पाचच आली तरी मोठी माणसं दोन हवीत. त्यातली एक बाई असावी. दुसरं माणूस आयत्या वेळी आलं नाही तर कट्टा ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असा घ्यावा, नाहीतर त्या दिवशी रद्द करावा. "आपलेच सर आहेत, काय होतंय" या वाक्यावर नियम मोडायचा नाही. हा नियम सरांवर संशय घेण्यासाठी नसतो. त्याने मुलाचं रक्षण होतं तसंच सरांचंही होतं. उद्या कुणी खोटा आळ घेतला तर दुसरं माणूस साक्षीला असतं.

बाहेरून येणारे कवी, गायक, चित्रकार, शिबिराचे स्वयंसेवक यांनाही तोच नियम. पाहुणा कितीही मोठा असला तरी मुलांसोबत एकटा बसणार नाही, मुलांचे नंबर घेणार नाही, "माझ्या घरी ये, तुझ्या कविता बघू" म्हणणार नाही. हे आमंत्रणाच्या पत्रातच लिहावं. तोंडी सांगायला कार्यकर्त्यांना संकोच वाटतो आणि मग सांगायचं राहून जातं. दर आठवड्याला येणाऱ्या स्वयंसेवकाकडून ओळखपत्राची प्रत, ओळखीच्या दोघांची नावं आणि पोलीस पडताळणीचा दाखला घ्यावा.

खोलीचं दार सत्रभर उघडं ठेवायचं. उन्हाचा त्रास होत असेल तर पडदा चालेल, कडी नाही. पुस्तकांच्या कपाटांमागे आडोसा तयार होत असेल तर कपाट भिंतीला लावून घ्यावं. शौचालय बाहेर किंवा मागच्या अंगाला असेल तर लहान मुलांनी जोडीने जायचं आणि मोठ्या माणसाने वाटेवर दिसेल असं उभं राहायचं. सीसीटीव्ही असेल तर तो दारावर आणि ओसरीवर असावा. कोण कुठलं पुस्तक उघडून बसलंय हे टिपणारा कॅमेरा टेबलावर नको, कारण तिथे तो मुलांना वाचायचीच भीती घालतो.

वेळ ठरवताना बस आणि पाऊस बघावा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी अडीचला सुरू करून साडेचारला आटोपलं तर जांबोटी, कणकुंबीकडे जाणारी मुलं उजेडात घरी पोचतात. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेकडे पावसाने वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून चार्जिंगचे दोन दिवे तयार ठेवावेत आणि अंधारलं की सगळ्यांना एकाच खोलीत आणावं.

नोंदवही साधी दोनशे पानी चालते. रकाने असे आखावेत: नाव, इयत्ता, आल्याची वेळ, न्यायला कोण येणार, गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. पालकांचे फोन नंबर वेगळ्या वहीत, कपाटात कुलपाखाली ठेवावेत. टेबलावर उघड्या वहीत मुलीचं नाव आणि शेजारी नंबर असेल तर तो कुणीही उतरवून घेऊ शकतो. नेहमी चुकतो तो शेवटचा रकाना. येताना सगळे सही करतात, जाताना गडबडीत कुणी विचारत नाही. वेळ संपल्यावर एका कार्यकर्त्याने फक्त दारातच उभं राहायचं, खुर्च्या उचलायच्या नाहीत.

नोंदणी अर्जाबद्दल एक कळकळीची सूचना. त्यात 'वडिलांचे नाव' असा रकाना नको, 'पालकाचे नाव' असावं. सौंदत्तीचा परिसर आपल्याच जिल्ह्यात आहे. देवदासी प्रथेतून आलेल्या आयांची मुलं या रकान्यापाशी थांबतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत. एक शब्द बदलला तर ती टिकतात.

संमतीचा कागद

पालकांची संमती मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, एकाच पानाच्या दोन बाजूंना छापावी. सगळ्याला मिळून एकच सही घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. चार प्रश्न वेगळे विचारायचे आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायला जागा ठेवायची. मूल कट्ट्याला येऊ शकतं का? कट्टा संपल्यावर एकटं घरी जाऊ शकतं का? त्याचा फोटो काढला तर चालेल का? त्याचं लिखाण नावासह भित्तिपत्रकात किंवा मोबाईलवर टाकलं तर चालेल का?

खाली मुलाचीही सही घ्यावी. आईने फोटोला हो म्हटलं आणि मुलीने नाही, तर फोटो नाही. उलट असेल तरीही नाही. आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला कार्यक्रमात मागे बसवायचं नाही. सगळ्यांसमोर "तू बाजूला हो, फोटो काढायचाय" म्हटलं की त्याची संमती कागदावरच राहिली. आधीच बसायची जागा अशी ठेवावी की एका बाजूने फोटो काढला तर ती मुलं चौकटीत येतच नाहीत.

ऑनलाइन फॉर्म भरून घेण्याची आता फॅशन आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती डिजिटल स्वरूपात वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, असं ठरवलं आहे. लहान वाचनालयाला ते झेपत नाही. कागदच बरा.

व्हॉट्सअॅप गट करायचा तर तो पालकांचा करावा, आणि त्यात संदेश फक्त अॅडमिननेच टाकायचे असं सेटिंग ठेवावं. मोठ्यांनी मुलाला वैयक्तिक मेसेज पाठवायचा नाही, कवितेचं कौतुक करायलाही नाही. कौतुक शनिवारी सगळ्यांसमोर करता येतं. मुलानेच आपण होऊन मेसेज केला तर उत्तर पालकांच्या गटात किंवा दुसऱ्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन द्यावं.

आता कविता

इतकं झाल्यावर शब्दांकडे यायचं. समजा, नववीतली एक मुलगी या चार ओळी वाचते:

आजोबा पाटीकडे बघतात,
वाचता येत नाही म्हणतात.
मी त्यांना वाचून दाखवते,
मग ते गप्प बसतात.

सभागृहात शांतता पसरते. कुणाला वाटतं हे राजकारण झालं, कुणाला वाटतं हे तर घरोघरचं आहे. संयोजकाने इथे काहीही करायचं नाही. कवितेत कुणावर आरोप नाही, कुणाला मारा-झोडा नाही. एका मुलीने आपल्या घरातली गोष्ट सांगितली आहे.

आता दुसरा मुलगा उठतो आणि म्हणतो, "सगळ्या पाट्या दोन्ही भाषांत असायला हव्यात." हे मत आहे, आग्रहाने मांडलेलं आहे, आणि त्याला तो हक्क आहे. कुणी कन्नड माध्यमाचा मुलगा उठून म्हणाला, "कर्नाटकात पाटी कन्नडच हवी," तर तेही मतच. टाळ्या दोघांना सारख्याच मिळाव्यात आणि नाही मिळाल्या तरी बोलायची वेळ सारखीच मिळावी. तिसरा मात्र म्हणाला, "उद्या सकाळी आठला चौकात या, पाटीला काळं फासू," तर ही चिथावणी झाली. जागा, वेळ आणि कृती तिन्ही ठरलेलं आहे. संयोजकाने शांतपणे सांगायचं, "ही ओळ इथे वाचता येणार नाही, पुढची वाच." माइक हिसकावायचा नाही, मुलाला खाली बसवायचं नाही. कार्यक्रम संपल्यावर दोघा मोठ्यांनी त्याच्याशी बोलायचं.

संयोजकाने मनात तीन प्रश्न ठेवले तर बहुतेक निर्णय सुटतात. ओळखू येईल अशा एखाद्या माणसाला यात इजा होते आहे का, विशेषतः वर्गातल्या एखाद्या मुलाला? विशिष्ट कृती करायला सांगितलं जातंय का? आणि लिहिणाऱ्या मुलालाच काही धोका आहे असं यातून कळतंय का? तिन्ही उत्तरं नाही असतील तर कविता वाचली जाईल, तिच्यावर कितीही नापसंती असली तरी.

पहिल्या प्रश्नात जास्त वेळा अडखळायला होतं. मुलं सरकारवर क्वचित लिहितात, एकमेकांवर फार लिहितात. "जाड्या", "काळी", जातीवरून टोमणा, धर्मावरून विनोद. इथे मोकळीक पुढे करून गप्प बसणं हा ज्याच्यावर विनोद झाला त्याच्यावर अन्याय आहे, कारण पुढच्या शनिवारी तोच येत नाही. नियम सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखवावा: कल्पनेवर, प्रथेवर, पुस्तकावर, सरकारवर, वाचनालयावर कितीही टीका करा, या खोलीतल्या माणसाच्या शरीरावर, जातीवर, धर्मावर, भाषेवर नको.

बोलायची भाषाही मुलावर सोडावी. आपल्याकडची मुलं एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी सहज मिसळतात. कुणी उर्दूत वाचेल, कुणी कोकणीत. "शुद्ध बोल" म्हटलं की अर्धी मुलं गप्प होतात. ज्याला समजलं नाही त्याला शेजारच्याने अर्थ सांगावा.

लिखाण आधी बघावं का? संयोजकाने ऐकण्याची तयारी म्हणून बघितलं तर हरकत नाही, पण मान्यता देण्यासाठी नको. मान्यतेची पद्धत सुरू झाली की मूल संयोजकाला आवडेल तेच लिहायला लागतं. शिवाय मान्य केलेली प्रत्येक ओळ मग वाचनालयाची ठरते. कट्ट्याच्या जागी एक फलक असावा: 'इथे वाचलेलं लिखाण ज्याचं त्याचं आहे.'

गोंधळ झाला तर तो बहुधा मोठ्यांकडून होतो. ओसरीवरून कुणीतरी ओरडतं, "हे बंद करा." तेव्हा ओरडणाऱ्याला एका कार्यकर्त्याने बाहेर नेऊन बोलावं आणि दुसऱ्याने मुलांजवळ थांबावं. तो ऐकत नसेल तर ११२ ला फोन. जमाव जमला तर मुलांना आतल्या खोलीत घेऊन पालकांना बोलवावं आणि कार्यक्रम थांबवावा, कारण त्या क्षणी मुलांचा जीव मोठा. पण पुढच्या शनिवारी तीच कविता, त्याच मुलीकडून, पुन्हा यादीत पहिली ठेवावी. तसं केलं नाही तर आरडाओरडा केला की कविता बंद पाडता येते, हे गावाला कळतं.

१७ जानेवारी (सीमालढ्यातला हुतात्मा दिन), १ जून (कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस) आणि १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागात काळा दिन) या तारखांना मुलांचा खुला कार्यक्रम ठेवू नये. विषय वर्ज्य आहे म्हणून नव्हे. त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी असते, बस अडू शकतात, आणि जमावबंदीचा आदेशही निघू शकतो. हाच विषय मुलांनी पुढच्या आठवड्यात खुशाल मांडावा.

फलकाचं काम आधीच उरकून घ्यावं. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यवसाय, ट्रस्ट, रुग्णालयं, हॉटेलं यांच्या फलकांवर साठ टक्के जागा आणि वरची बाजू कन्नडला द्यावी लागते. वाचनालयाचं बॅनर त्याप्रमाणे करून घेतलं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं पत्र कन्नडमध्ये दिलं, की मोठ्यांच्या फलकाचा वाद मुलांच्या कवितेवर येऊन आदळत नाही.

मोबाईलवरची वीस सेकंदं

खोलीत वाचलेली कविता चाळीस जण ऐकतात आणि तिचा पूर्ण अर्थ त्यांना कळतो. तिचीच वीस सेकंदांची क्लिप काढून कुणी फिरवली की चेहरा राहतो आणि अर्थ जातो. मग अनोळखी माणसं त्या मुलीच्या शाळेचा पत्ता विचारायला लागतात. म्हणून कट्ट्यात मोठ्यांचे आणि मुलांचे सगळे मोबाईल दारातल्या टोपलीत, क्रमांकाचा बिल्ला देऊन ठेवावेत. वाचनालयाचा एकच कॅमेरा, तोही संमती असलेल्यांपुरता.

क्लिप फिरायला लागलीच तर ती 'निषेध' म्हणूनही पुढे पाठवू नये. पालकांना लगेच सांगावं, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी, आणि धमक्या येत असतील तर पोलिसांकडे व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैशांची फसवणूक झाली असेल तर त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे.

कवितेतून मूल काही सांगत असेल तर

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तोंडाने सांगता येत नाही ते मुलं कवितेत, चित्रात किंवा 'माझ्या मैत्रिणीची गोष्ट' म्हणून लिहितात. एखादी मुलगी लिहिते की काका आले की ती माळ्यावर जाऊन बसते. एखादा मुलगा तलावावर तिसरी कविता लिहितो आणि तिन्ही कवितांत परत यायचं नसतं. मोकळीक दिलेली असते म्हणूनच हे कागदावर येतं. आधी सेन्सॉर केलं असतं तर धोका तसाच राहिला असता आणि आपल्याला कळलंही नसतं.

अशी कविता सगळ्यांसमोर वाचायला लावू नये. मुलाला "हे छान लिहिलंस, आपण जरा बोलूया का?" म्हणून बाजूला घ्यावं, दार उघडं ठेवून, दुसऱ्या कार्यकर्त्याला दिसेल असं बसावं. मूल बोलेल ते ऐकावं. "कधी? किती वेळा? मग तू ओरडली का नाहीस?" असे प्रश्न नकोत. त्याने मूल घाबरतं आणि पुढे त्याच्या जबाबावरही परिणाम होतो. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणावं, "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला मदत मिळावी म्हणून मला एक-दोघांना सांगावं लागेल." मूल गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच भाषेत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत. आपला अंदाज त्यात घालू नये.

लैंगिक अत्याचाराची शक्यता दिसली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ लागतं. असा गुन्हा घडला आहे किंवा घडू शकतो हे कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र खटला भरता येत नाही. १०९८ या बालसहाय्य क्रमांकावर चोवीस तास फोन लागतो. पुढे काय करायचं ते तिथूनही सांगतात.

इथे घोळ होतो तो असा. कार्यकारिणी म्हणते, आधी आपण खात्री करून घेऊ. मग तीन जणांची समिती मुलीला बोलावते, गावात कुजबुज होते, ज्याच्यावर संशय आहे त्याला सुगावा लागतो. चौकशी करणं वाचनालयाचं काम नाही. शंका पुरेशी आहे. संशय घरातल्याच माणसावर असेल तर त्याला किंवा त्याच्या बाजूच्यांना आधी फोन करू नये. पोलिसांनी माहिती मिळाल्यावर चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मूल घरी सुरक्षित राहू शकतं की नाही, याचा विचार तिथे होतो.

सीमाभागातल्या पालकांना एक तरतूद आवर्जून सांगावी. ठाण्यात नोंद कन्नडमध्ये होते आणि मुलाला कन्नड पुरतं येत नसेल, तर कलम १९(४) प्रमाणे दुभाष्या द्यावा लागतो. तो मागून घ्यावा. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे मुलं ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसतात.

मुलाचं नाव, शाळा, गल्ली, कुटुंब, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर जाता कामा नये. कलम २३ ने ते गुन्हा ठरवलं आहे. भित्तिपत्रकावर ती कविता लागली असेल तर ती गाजावाजा न करता उतरवून कुलपात ठेवावी, फाडू नये.

मरणाबद्दल लिहिणाऱ्या मुलाला त्या दिवशी एकटं सोडू नये. "तुला मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारलं तर चालतं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पालकांना बोलावून त्यांच्या हाती सोपवावं. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याची मोफत मदत मिळते. तलावावरची प्रत्येक कविता ही धोक्याची खूण नसते, मुलं दुःखावर लिहितातच. लिखाणासोबत वागणं बदललंय का ते बघावं: आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांचा निरोप घेणं, जेवण आणि झोप तुटणं.

पुस्तकाला हरकत आली तर

मासिक पाळीवरचं पुस्तक मुलींच्या कपाटात का, असा प्रश्न येतो. त्याला तोंडी उत्तर देऊ नये, हरकतीचा छापील अर्ज द्यावा. त्यात एवढंच विचारावं: पुस्तक पूर्ण वाचलंत का, नेमकं कोणतं पान, आणि तुमच्या मते काय करावं. अर्ज आल्यावर एक शिक्षिका, एक पालक, ग्रंथपाल, एक डॉक्टर किंवा वकील आणि अठराच्या आतला एक वाचक अशा पाच जणांनी ते वाचून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील. आधी काढून मग विचार करायचा म्हटलं तर तीस दिवसांचं एक वर्ष होतं.

लहानग्यांची चित्रपुस्तकं, आठ ते बारा, तेरा ते पंधरा, सोळाच्या पुढे असे कप्पे करावेत, पण ती सूचना असावी, बंदी नको. आपल्या मुलाने काय वाचावं हे पालक ठरवू शकतात, दुसऱ्याच्या मुलाने काय वाचावं हे नाही. कुणी कुठलं पुस्तक नेलं ही नोंद फक्त परतीसाठी आहे. शेजाऱ्याने किंवा शिक्षकाने विचारलं तरी ती दाखवायची नाही.

चित्रपट दाखवायचा असेल तर प्रमाणपत्र बघावं. आता यूए मध्येही ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. 'ए' असलेला चित्रपट अठराखालच्यांना दाखवता येत नाही, कुणाच्याही संमतीने नाही.

हे नियम लिहिताना तीन-चार मुलांना सोबत बसवावं. ग्रामपंचायतीत मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, भरते, तिथे मुलं सदस्यांसमोर उभी राहून बोलतात, त्यामुळे त्यांना हे नवीन नाही. दार कुठल्या बाजूचं बंद होत नाही, कुठल्या कोपऱ्यात दिवा पोचत नाही, कुठले काका उगाच पाठीवर हात ठेवतात, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. नियम एका पानात बसावेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, दारामागे चिकटवलेले. खाली १०९८ आणि ११२ मोठ्या अक्षरात, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं. दोघं अशासाठी, की तक्रार त्यातल्याच एकाबद्दल असली तर मुलाला दुसरं माणूस उरतं.